सभापतींची फाक

"आई, मी मामाचं नाव जाहीर करणार आहे," केदार म्हणाला. "सगळ्या गावासमोर. माइकवरून."

मी विळीवर नारळ खवत होते. हात थांबवला असता तर त्याला वाटलं असतं मी घाबरले, म्हणून खवतच राहिले.

"कधी?"

"परवा. मामाच्या सत्काराला. आमदार असतील, पेपरवाले असतील. याहून चांगली वेळ मिळणार नाही."

"हळू बोल. मामा ओटीवर बसलाय."

"ऐकू दे."

"श्रीपतही बसलाय."

यावर मात्र त्याने आवाज खाली आणला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत श्रीपतने त्याला उभ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसवून हॉर्न वाजवू दिला होता, आणि ज्याने हॉर्न वाजवू दिला त्याला पोरं जन्मभर विसरत नाहीत.

माझा भाऊ दत्ताराम साळवी. पंचायत समितीचा सभापती एकदाच झाला, पण तेव्हापासून आजतागायत गाव त्याला सभापतीच म्हणतं. लग्न केलं नाही. समाजकार्याला वाहून घेतलं, असं पत्रिकेत छापतात तसं. त्याच्या कार्यातलं सगळ्यात मोठं कार्य म्हणजे त्याने गावाला मुक्कामाची एसटी आणून दिली. संध्याकाळी तालुक्याहून यायची, रात्रभर देवळापुढे उभी राहायची आणि पहाटे परत जायची. त्यासाठी त्याने डेपोचे उंबरे इतके झिजवले की लोक म्हणायचे, स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा कुणी इतकं धावत नाही. गाडी सुरू झाली. कंडक्टर शाळेत झोपायचा आणि ड्रायव्हर श्रीपत घाणेकर सभापतींच्या पडवीत. पुढे कंडक्टर बदलले, गाड्या बदलल्या, श्रीपतने मात्र हा रूट कधी सोडला नाही. निवृत्त झाला तेव्हा स्वतःच्या गावी जाऊन आला आणि पत्र्याची ट्रंक घेऊन इथेच परतला. गाव त्याला डायवर म्हणतं. गावाने काही विचारलं नाही, आम्हीही काही सांगितलं नाही. नवरा गेल्यावर मी डोंबिवली सोडून माहेरी राहायला आले तेव्हा पहिल्याच सकाळी श्रीपतने मला चहा करून दिला. साखर किती ते न विचारता दादाच्या चहात अर्धा चमचा घातला, तेव्हाच मला जे कळायचं ते कळलं. मी फक्त म्हणाले, चहा छान झालाय.

केदारने स्वतःबद्दल मला सांगितलं त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मी आधी रडले. मग त्याला जेवायला वाढलं. आणि मग म्हणाले, निदान स्वयंपाक येणारा बघ, तुला चहासुद्धा धड करता येत नाही. त्या दिवसापासून आमचं चांगलं जमलं. मुंबईत त्यांचा एक गट होता, मोर्चे काढायचा, पोलीस ठाण्यांवर धडकायचा. त्या हिवाळ्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने खालच्या कोर्टाचा निकाल फिरवला आणि या मुलांवरचा जुना कायदा पुन्हा उभा राहिला. केदार संतापाने नुसता धुमसत होता. त्यातच आमच्या सभापतींनी त्याला काडी लावून दिली.

तालुक्याच्या कॉलेजातली पोरं या विषयावर एकांकिका बसवत होती. काही मंडळींनी तिच्याविरुद्ध सभा घेतली आणि अध्यक्ष म्हणून दादाला बोलावलं. दादा उठला आणि म्हणाला, "असली माणसं आपल्या कोकणात नाहीत." पेपरात चौकटीत छापून आलं. एकांकिका बंद पडली. त्यात मुख्य काम करणाऱ्या मुलाला बापाने कॉलेजातून काढून भाताच्या गिरणीवर बसवलं. पेपर वाचून मी दादाच्या तोंडाकडे बघितलं, तर तो श्रीपतने सोललेलं संत्रं खात होता.

"त्याच्या घरात कोण राहतं याच्याशी मला काही देणंघेणं नाही," केदार विळीसमोर बसत म्हणाला. "आमच्या गटात निम्मे लोक म्हणतात, कुणाचंही नाव त्याच्या मर्जीशिवाय घ्यायचं नाही. मीही तेच म्हणत होतो. पण जो माणूस बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या तोंडावर दार आपटतो, त्याने आपल्या घराचं दार लावून सुखात बसायचं? त्या पोराचं कॉलेज गेलं, आई."

"बरोबर आहे तुझं."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो जरा गडबडला.

"पण त्या दाराआड दोन माणसं आहेत," मी म्हणाले. "भाषण एकाने केलं. श्रीपतने काय केलं?"

"श्रीपतमामाचं नाव मी घेणारच नाही."

"म्हणजे दादा एकटाच तसा? अरे, हे एकट्याने होत नाही."

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. मला हसू येत नव्हतं. सत्काराच्या मंडपात, आमदाराशेजारी, माइकवर हे झालं तर पुढे काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. दादा मान खाली घालून घरी येईल आणि श्रीपत त्याच संध्याकाळी ट्रंक भरेल. दादाला त्रास नको म्हणून भरेल, आणि दादा लाजेपायी त्याला थांबवणार नाही. म्हातारपणी दोघं दोन गावांत एकेकटे जेवतील. मला एवढंच टाळायचं होतं. दादाला आधी सावध करावं म्हटलं, तर ज्या गोष्टीबद्दल आम्ही बहीणभाऊ उभ्या जन्मात एक अक्षर बोललो नव्हतो, ती सुरू कुठून करायची?

तेवढ्यात बाहेर ढोलावर कुणीतरी थाप मारून बघितली, आणि मला सुचलं.

"सत्काराला तुला माइकजवळ कोण फिरकू देणार?" मी म्हणाले. "आमदाराची माणसं दोन शब्द बोलायच्या आत उचलून बाहेर टाकतील. त्यापेक्षा उद्या शिमग्याच्या होमाला जा. सगळा गाव असतो, मानकरी असतात, मामा सगळ्यांत पुढे उभा असतो. तिथे कुणीही ओरडावं, कुणी अडवत नाही."

"कुणी नाही?"

"देवाशपथ."

शपथ खोटी नव्हती. आमच्या ग्रामदेवतेवरून, केदारलिंगावरून, मी मुलाचं नाव ठेवलं, पण त्या देवाचा शिमगा त्याने कधी पाहिला नव्हता. दर वर्षी नेमकी परीक्षा यायची. पुढे परीक्षा संपल्या तर नोकरी लागली. त्याला कोकण ठाऊक होतं ते आंब्याफणसाचं.

"तू माझ्या बाजूने आहेस?" त्याने विचारलं.

"मी तुझी आई आहे," मी म्हणाले, आणि खोबऱ्याची वाटी उचलून आत गेले.

*

आसपासच्या गावांत होम रात्री लागतो. आमच्याकडे तो उजाडल्यावर लागतो. देवळापुढच्या माळावर आंब्याचं झाड नाचवत आणून उभं करतात, भोवती गवत आणि सुक्या डहाळ्यांची कवळं रचतात, मानकरी पेटवतो, आणि मग फाका सुरू होतात. फाक म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं त्याची सगळ्या गावासमोर, मोठ्या आवाजात, यमक जुळवून काढलेली लाज. वर्षभरात कुणी काय लपवलं, कुणाची म्हैस कुणाच्या मळ्यात गेली, कोण कुणाच्या परसात सापडलं, सगळं. वाईटात वाईट बोललं तरी रागवायचं नाही. ज्याचं नाव निघेल त्याने उलट फाक घालायची. आणि होमाची राख कपाळाला लावून अंघोळ केली की त्या सकाळचा एक शब्दही पुन्हा काढायचा नाही. बायकांनी फाका ऐकायच्या नसतात. म्हणून आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर, अगदी नीट ऐकू येईल अशा ठिकाणी, पाठ करून उभ्या राहतो.

त्या सकाळी पोस्टमास्तरची निघाली, ग्रामसेवकाची निघाली, भजनी मंडळाच्या बुवाची तर अशी निघाली की माझ्या शेजारच्या वहिनींनी पदर तोंडात कोंबला. दादा पांढऱ्या टोपीत पुढे उभा होता. त्याच्या मागे हातभर अंतरावर श्रीपत, होमात टाकायचा नारळ घेऊन. श्रीपत नेहमी हातभर मागेच उभा राहायचा. मी चोरून मागे बघत केदारला शोधत होते. तो पाराच्या कठड्यावर चढताना दिसला. युक्ती माझीच होती, पण ऐन वेळी गाव गप्प राहिलं तर? ज्या गोष्टीवर गावाने इतकी वर्षं पांघरूण घातलं, ती नेमकी हसण्यावारी नेता आली नाही तर?

"ऐका!" केदार ओरडला. ढोल थांबले. "मी दत्ताराम साळवींचा भाचा. सभापती म्हणतात, असली माणसं कोकणात नाहीत. मी सांगतो, आहेत! सभापती स्वतः समलिंगी आहेत! गेली कित्येक वर्षं ते एका पुरुषाबरोबर संसार करतायत!"

आगीत कवळं तडतडण्याचा तेवढा आवाज. मी पाठबिठ विसरून वळून बघत होते.

मग सगळ्यांत म्हातारे बुधाजी, फाकांचे आमच्याकडचे उस्ताद, कपाळावर हात मारत पुढे आले.

"आरं पोरा, ही काय फाक म्हनायची? न्हाय यमक, न्हाय चव! आनि नाव आर्धाच घेतलास! डायवरचा काय? त्याला काय उपाशी ठेवतोस?"

माळ हशाने फुटला. बुधाजींनी दोन्ही हात वर केले.

"सभापतीनं गाडी आनली, गावाला वाटलं सोय क्येली! सोय झाली कुनाची रं?"

"डायवरची नि त्याची रं!" सगळा गाव ओरडला. "हुर्रा रे हुर्रा!"

इतक्या झटक्यात, इतक्या एका सुरात ओरडला की मला कळलं, हे यमक आज जुळलेलं नाही. कित्येक वर्षं प्रत्येकाच्या ओठांवर होतं, फक्त कुणीतरी सुरुवात करायची वाट बघत होतं.

"हसू नका!" केदार जिवाच्या आकांताने ओरडत होता. "मी खरं सांगतोय!"

"खरं सांगतोय रे खरं सांगतोय!"

"हा राजकीय प्रश्न आहे!"

"राजकीय रे राजकीय! हुर्रा रे हुर्रा!"

तो जितका ओरडे तितका ढोल चढे. कुणीतरी म्हणालं, भाच्यानं मामाची फाक घातली, पोरगा गावाचा झाला, आणि दोघाचौघांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. त्याने हे सगळं मोबाइलमध्ये टिपून ठेवायची व्यवस्था केली होती. नंतर त्यात दिसलं काय, तर गाव नाचतंय आणि मधोमध राखेने माखलेला केदार खांद्यावरून हातवारे करतोय. मुंबईच्या मित्रांनी विचारलं, किती मजा केलीस रे, आम्हाला का नाही नेलंस?

मी पदराआड हसत होते. मला वाटलं, जिंकले. मग माझी नजर दादाकडे गेली.

त्याचा चेहरा टोपीपेक्षा पांढरा झाला होता. रिवाजाप्रमाणे आता त्याने उलट फाक घालायची होती. दर वर्षी तो ग्रामसेवकावर एक ठरलेली फाक घालून मोकळा व्हायचा. ढोल थांबले, माणसं थांबली. दादाने घसा साफ केला. सभेत बोलायच्या आधी करायचा तसाच.

"श्रीपत घाणेकर माझा हाय," तो म्हणाला. यमक नाही, ओरडणं नाही, पण आवाज पार पायऱ्यांपर्यंत आला. "आनि मी त्याचा हाय. बोला!"

ढोलवाल्याचा हात क्षणभर वरच राहिला. मग खाली आला.

"हुर्रा रे हुर्रा!"

गाव नाचू लागलं. श्रीपतने नारळ होमात टाकला आणि तसाच उभा राहिला. तो रडत होता, आणि धूर तर दुसऱ्या बाजूला जात होता. आज पहिल्यांदाच तो दादाच्या मागे नव्हता, शेजारी होता. माझेही डोळे भरून आले. माझ्या भावाच्या तोंडून हे वाक्य निघालेलं मी ऐकलं, आणि ते ऐकायला मी जिवंत होते, याचा मला आनंद झाला. लगेच मला आठवलं की आम्हा बायकांना काही ऐकूच आलेलं नाही, आणि मी पुन्हा पाठ फिरवली.

*

दुपारी केदार अंघोळ करून माजघरात आला. कानात अजून राख होती.

"तू मला फसवलंस."

"हो."

"तुला लाजही वाटत नाही."

"नाही. मामा घरात आहे, श्रीपत घरात आहे. तुला बोलायचं होतं, तू बोललास. सगळे सुखी."

"सगळे?" तो समोर बसला. रागात नव्हता, म्हणून मला जास्त जड गेलं. "आई, तुमच्याकडे खरं बोलायला वर्षातली एक सकाळ, आणि तीही हसण्यावारी. अंघोळ केली की संपलं. ज्यांना उरलेलं वर्षभर जगायचंय त्यांनी काय करायचं? तो पोरगा गिरणीवरच बसलाय अजून."

मी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, कारण उत्तर नसलं की मी तेच करते. वर मान केली तर दारात दादा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो वळला आणि पडवीत गेला.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आमदारांचं भाषण, त्यात मुक्कामाच्या गाडीचा गौरव. गाव अगदी गंभीर बसलं होतं. काल याच माणसांनी त्याच गाडीवर माळ डोक्यावर घेतला होता, आज एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नियम म्हणजे नियम. केदार शेवटच्या रांगेत हात बांधून उभा होता. मी त्याला बजावलं होतं, आज तोंड उघडलंस तर याद राख. त्याने ते पाळलं. पाळलं नाही ते दुसऱ्याने.

दादा उत्तराला उठला. गावाचे आभार, देवाचे आभार. मग थांबला.

"कॉलेजच्या पोरांची ती एकांकिका," तो म्हणाला, "माझ्या भाषणानं बंद पडली. मी चुकीचं बोललो. असली माणसं कोकणात आहेत. पोरांनी ती पुन्हा बसवावी, खर्च माझा. त्या गिरणीवरच्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे. मला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा."

आता ढोल नव्हता. हुर्रा नव्हता. आमदारांनी घड्याळाकडे बघितलं. पेपरवाल्यांपैकी एकाने हात वर केला.

"दोन कशाला, सभापती?"

मी मनात म्हणाले, सांग, एक बहिणीला. सांग ना, मी येते. उठून तसं ओरडायलाही मी तयार होते.

"दुसरी श्रीपतला," दादा म्हणाला. "त्याच्याशिवाय मी कुठं जात नाही."

आणि खाली बसला.

आमदार चहा न घेताच गेले. पुढच्या निवडणुकीत दादाला कुणी विचारलं नाही, दोन घरांनी लग्नाची बोलावणी बंद केली. गावात मतं पडली. काही म्हणाले, शोभलं नाही. काही म्हणाले, मर्द गडी. पण सगळ्यांत जास्त नाराज होते ते बुधाजी आणि त्यांच्या वयाची मंडळी. त्यांचं म्हणणं, होमाला बोलला होता ना एकदा, आम्ही ऐकलं, हसलो, पचवलं, मग पुन्हा माइकवर सांगायची काय गरज होती? ट्रंक मात्र हलली नाही. श्रीपतने तिच्यावर गोधडी घालून बसायला बैठक केली.

हे कुणामुळे घडलं यावर केदारचं आणि माझं आजही भांडण होतं. तो म्हणतो, मी नाव घेतलं नसतं तर मामा मरेपर्यंत गप्प बसला असता. मी म्हणते, तू ते माइकवर घेतलं असतंस तर मामा दुसऱ्या दिवशी बोलायला उरलाच नसता. दादाला विचारलं, तर तो म्हणतो, तुम्ही दोघं जरा गप्प बसा.

एकांकिका पावसाळ्यानंतर झाली. मी दुसऱ्या रांगेत होते, बरोबर त्या दोघांच्या मागे. हॉल निम्मा रिकामा होता आणि उरलेल्या निम्म्यातले निम्मे रंगमंचाकडे कमी आणि पहिल्या रांगेकडे जास्त बघत होते. गिरणीवरचा मुलगा काम चांगलं करत होता, पण नाटक, खरं सांगायचं तर, फार रटाळ होतं. मध्यावर येईपर्यंत श्रीपत घोरायला लागला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. दादाने मान न वळवता, सगळ्यांच्या देखत, त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं, अगदी तसंच, जसं मी संसारभर माझ्या नवऱ्याला खुपसायचे.